खोक्यातलं पिल्लू कळपात कसं सोडायचं?

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. आम्ही विडी घरकुल भागात राहतो. घरामागच्या मोकळ्या जागेत दोन वर्षांपासून चार कोंबड्या आहेत, दोन गावठी आणि दोन गिरिराज, शिवाय एक कोंबडा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेतला गड्डा बघून परत येताना रस्त्यात एकजण टोपलीत रंगीत पिल्लं घेऊन बसला होता. आठ वर्षांच्या मुलानं हट्ट धरला म्हणून दोन घेतली, एक गुलाबी, एक हिरवं. हिरवं दुसऱ्याच दिवशी गेलं. गुलाबी जगलं. आता ते सात आठवड्यांचं आहे, रंग जाऊन पांढरं झालंय. स्वयंपाकघरात खोक्यात राहतं, मुलाच्या खांद्यावर बसतं, रात्री त्याच्या उशाशी झोपतं. गेल्या रविवारी मी त्याला कोंबड्यांत सोडलं, तर थोरल्या गावठी कोंबडीनं मान धरून असं आपटलं की मुलगा ओरडत धावला. सासूबाई म्हणतात, "सोड तसंच, दोन दिवसांत आपापलं जमतं. आमच्या वेळी कोण बघत बसत होतं?" मुलगा पिल्लाला हातातून खाली ठेवायला तयार नाही. काय करू? आणि खायला काय देऊ?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं खोटं नाही. त्यांच्या वेळी जमायचं, माझ्या आईच्या वेळीही जमायचं. वडील गिरणीत होते, आम्ही चाळीत राहायचो आणि चाळीच्या मागं घरटी एक डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली, असायचं. आईनं कधी जाळी लावली नाही की दाण्याला दोन भांडी ठेवली नाहीत. पण त्या पिल्लांना आई होती, तुमच्या पिल्लाला नाही. सगळा फरक इथं आहे, म्हणून आधी तेवढंच नीट सांगते.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसून पिल्लं घेऊन उठते तेव्हा तिचा स्वभावच पालटलेला असतो. अंग फुलवून दुप्पट होते, पंख जमिनीला टेकवते, कुत्रं असो की माणूस, सरळ अंगावर येते. कळपातली थोरली कोंबडी पिल्लाकडं नुसती वळली तरी ही मधे उभी. दाणा दिसला तर स्वतः गिळत नाही. चोचीत धरून खाली टाकते आणि 'कुट कुट' करत पिल्लांना बोलावते. काय खायचं, घार दिसली की कुठं दडायचं, थोरलीच्या वाटेतून कधी बाजूला व्हायचं, हे पिल्लू तिच्या मागं फिरून शिकतं. आणि कळपसुद्धा पहिल्या दिवसापासून पिल्लांना बघत असतो. दीड-दोन महिन्यांनी आईच त्यांना टोचून लांब करते, पण तोवर परसातली प्रत्येक कोंबडी त्यांना ओळखायला लागलेली असते.

तुमचं पिल्लू मशिनमध्ये उबवलेलं. त्यानं आई म्हणून बघितला तो तुमचा मुलगा. कोंबडीनं मान ताठ करून रोखून बघितलं तर मागं सरायचं असतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. ते बहुतेक तिच्याकडंच चालत गेलं असेल. आणि तिला दिसलं ते असं, की कुठलं तरी परकं पाखरू थेट आपल्या दाण्यावर आलंय.

कोंबड्यांची आपसात एक उतरंड असते. कोण कुणाला टोचणार आणि कोण गुमान टोचून घेणार, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञानं १९२२ साली हे रीतसर मांडलं, पण दाणे टाकताना पाच मिनिटं उभं राहिलं तर तुम्हालाही दिसेल. थोरली पहिली येते, तिच्या शेजारी कोण टिपणार तेही ठरलेलं, आणि एकजण कायम कडेनं फिरत असते. नवं कुणी आलं की ही उतरंड हलते. माझ्या परसात मी नेहमी एक गोष्ट बघत आले. थोरली दोनदा टोचते आणि आपल्या कामाला लागते. जास्त छळते ती सगळ्यात खालची. तिच्याखाली आजवर कुणी नव्हतंच. तेव्हा तुमच्याकडं थोरलीनं धरलं असलं, तरी त्या कडेनं फिरणारीवरही डोळा ठेवा.

हे सगळं मी एक पिल्लू घालवून शिकले. जुळे सोलापुरात घर बांधून राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. मे महिना होता. पाच आठवड्यांचं तांबूस पिल्लू, मी त्याला केशर म्हणायची. भर दुपारी कोंबड्या लिंबाच्या सावलीत चोच उघडी टाकून निपचित बसल्या होत्या. मला वाटलं, शांत आहेत, आत्ताच सोडावं. सोडलं आणि दोन भाकरी थापायला आत गेले. बाहेर आले तर केशर दिसेना. पाण्याची सिमेंटची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधे वीतभर फट होती. त्या फटीत ते तोंड भिंतीकडं करून उभं होतं. पुढं वाट नव्हती म्हणून डोकं लपवलं होतं, आणि मागून दोघीजणी आळीपाळीनं टोचत होत्या. डोक्यामागची कातडी निघाली होती. हळद भरली, कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. दिवेलागणीला गेलं. सावलीची जागा एकच, पाण्याचं भांडं एक, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, आणि त्यात मी परकं पिल्लू सोडून आत गेले होते. कोंबड्यांना मी त्याचा दोष कधी दिला नाही.

म्हणून ताई, आईचं काम आता तुम्हाला करायचंय, आणि त्याला महिना-दीड महिना लागेल.

सात आठवड्यांचं पिल्लू अजून बारकं आहे. दहा-बारा आठवड्यांचं, निदान तुमच्या गावठी कोंबडीच्या दोन-तृतीयांश अंगाचं होऊ द्या, मगच मोकळं एकत्र सोडा. पण ओळख करून द्यायला आजपासून लागा. डालगं असेल तर उत्तमच. नसेल तर बाजेला किंवा लाकडी चौकटीला अर्धा इंची जाळी ठोकून पिंजरा करा. सकाळी ऊन चढायच्या आत आणि सांच्याला ऊन कलल्यावर पिल्लाला त्याखाली परसात ठेवा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. कोंबड्यांना तिथंच बाहेरून, जाळीला लागून दाणे टाका, आणि आत पिल्लालाही त्याच जागी टाका. समोरासमोर टिपत खाल्लं पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस कोंबड्या जाळीवर चोच मारतील, पिल्लू दचकेल. आठवडाभरात त्यांचं कुतूहल संपतं. डालग्याशेजारी कोंबडी पाय पसरून धुळीत लोळताना दिसली की समजा, तिला पिल्लाची सवय झाली. मी निदान दोन आठवडे हे करते.

एक सांभाळा. डालग्याखालच्या पिल्लाला उन्हातून उठून जाता येत नाही. आपल्याकडं मार्चातच ऊन तापतं, आणि सावली सरकते. पिल्लू चोच उघडून धापा टाकायला लागलं, पंख अंगापासून लांब धरायला लागलं, की लगेच आत घ्या. आत उथळ परळात पाणी ठेवा.

एकट्या पिल्लाचे हाल जास्त होतात, कारण सगळ्यांच्या चोची त्याच्यावरच. ओळखीच्या घरी, निरोगी कळपात वाढलेलं सात-आठ आठवड्यांचं दुसरं पिल्लू मिळालं तर सोबतीला घ्या. रस्त्यावरून घेऊ नका. आणलेलं पिल्लू आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा, त्याचं भांडं वेगळं, त्याला हात लावल्यावर हात धुऊन मगच बाकीच्यांकडं. नाकातून पाणी, डोळ्यांत चिकटा, घरघर, हिरवी पातळ विष्ठा यांतलं काही नसलं तरच एकत्र करा. तुमच्याकडं तसाही महिना आहे, तेव्हा हे बसतं.

तुमचं पिल्लू सात आठवडे घरातच होतं, म्हणजे त्याच्याकडून कोंबड्यांना आजार जायची भीती थोडी. उलट बाजूची भीती जास्त. मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू मातीत पडतात. मोठ्यांना सहसा काही होत नाही, पिल्लू मात्र दोन दिवसांत खंगतं. ओल्या जागेत हे वाढतं, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल रोज खरवडून काढा. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात डोळे मिटून बसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. यावर औषध आहे, पण ते वेळेत गेलं पाहिजे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस या पिल्लाला बहुतेक कुणी दिलेली नाही. कुठली आधी आणि कुठली नंतर, ते डॉक्टरांना ठरवू द्या. लशीची बाटली शंभर-शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही. म्हणून गल्लीतल्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी ठरवून एकाच दिवशी लस करून घ्या. आमच्या गल्लीत आम्ही तेच करतो.

खोक्यात खाली काय अंथरलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्या गावात टॉवेलच्या कारखान्यातलं उरलंसुरलं सूत फुकट मिळतं आणि मऊ दिसतं, म्हणून बरेचजण तेच घालतात. कृपा करून घालू नका. माझ्याकडं एकदा शेजारणीनं पिल्लू आणलं, लंगडतंय म्हणून. भिंगाखाली बोट धरलं तेव्हा दिसलं, केसासारखा पांढरा धागा बोटाला तीन-चार वेढे बसला होता आणि त्याच्यापुढचं बोट जांभळं पडलं होतं. भरतकामाच्या कात्रीचं टोक सालीखाली घालून धागा कापला. नखाकडचा तुकडा तरी वाळून गळून पडलाच. धागा पोटात गेला तर आणखी वाईट. भाताचं तूस घाला, लाकडाचा भुसा घाला, नाहीतर शेंगांची कोरडी टरफलं, ती तर आपल्याकडं कमी नाहीत. टरफलं ओली झाली की बुरशी धरतात, लगेच बदला. वरून रात्री जुनी चादर अर्धवट टाकली तरी पुरे. सातव्या आठवड्यात अंगभर पिसं आलेली असतात, बल्ब लागत नाही.

आता मोकळं सोडायचा दिवस. वेळ संध्याकाळची, कोंबड्या खुराड्यात शिरायच्या तासभर आधी. पोट भरलेलं असतं, ऊन उतरलेलं असतं, आणि काही बिनसलंच तर अंधार पडून भांडण आपोआप थांबतं. त्याच्या आधी परसात फिरून प्रत्येक फट शोधा. टाकीमागची, जिन्याखालची, पत्र्यामागची. जिथं शिरलं की पलीकडून निघता येत नाही अशी जागा विटा लावून बंद करा. त्याऐवजी दोन्हीकडून उघडे आडोसे द्या: चार विटांवर उपडं ठेवलेलं फळांचं क्रेट, भिंतीला तिरकी टेकवलेली फळी, सिमेंटचा फुटका पाईप. बारक्या भोकाचा पिंजरा करता आला तर आणखी चांगलं, पिल्लू आत शिरावं आणि कोंबडी अडावी असा. पण गावठी कोंबडी अंगानं किरकोळ असते, तेव्हा भोक आधी पुठ्ठ्यात कापून दोघांवर बघा, मग जाळी कापा.

दाणे मूठभर एका जागी ओतू नका, सगळ्या परसात फेका, म्हणजे प्रत्येकीला आपापला कोपरा मिळतो. भांडी दोन दाण्याची, दोन पाण्याची, आणि अशी की एकापाशी उभं राहिलं तर दुसरं दिसू नये. सावलीही दोन ठिकाणी हवी.

मग तिथंच बसा. आत जाऊ नका, फोन घेऊ नका. एक टोचा मारला आणि कोंबडी वळली, पिल्लू पळालं, तर होऊ द्या. त्याला बाजूला व्हायला असंच कळतं. पळणाऱ्याच्या मागं लागून कोंडलं, मानेची पिसं धरून ठेवली, दोघी मिळून धावल्या, किंवा रक्ताचा ठिपका जरी दिसला, तर त्याच क्षणी उचला. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात. जखमेला जांभळं औषध लावा, जेन्शन व्हायोलेट म्हणतात ते, त्यानं लाल रंग झाकतो. आणि परत चार दिवस जाळीआड. एखादीच कोंबडी छळत असेल तर पिल्लाला नाही, तिलाच तीन दिवस डालग्याखाली वेगळं ठेवा. परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो.

असे आठ-दहा दिवस नीट गेले की रात्रीची पाळी. पूर्ण अंधार झाल्यावर पिल्लाला उचलून खुराड्यात दांडीवर बसवा, सगळ्यात शांत कोंबडीशेजारी. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्या कुरकुर करून गप्प बसतात. पण दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी दार उघडायला तुम्ही तिथं पाहिजे. बंद खुराड्यात उजाडलं तर पिल्लाला पळायला जागा राहत नाही.

खाण्याचं. तुम्ही कोंबड्यांना अंडी देणाऱ्यांचं तयार खाद्य देत असाल तर ते पिल्लाच्या पोटात जाऊ देऊ नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाच्या खाद्यात एकच टक्का. जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. एकत्र असताना वेगवेगळं खायला घालणं कुणालाच जमत नाही, म्हणून मी सोपं करते: सगळ्यांना वाढत्या पिल्लांचं खाद्य देते, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. ज्यांना गरज असते त्या जाऊन टिपतात, पिल्लं सहसा तिकडं फिरकत नाहीत. ज्वारीची कणी वरखाली चालेल, तीवर भागवू नका, आणि दाणे देत असाल तर बारीक खड्यांची वाळू लागतेच. कोंबडीला दात नाहीत, खडेच दळतात.

तुमच्या मुलाबद्दल दोन शब्द. त्याला यातून काढू नका. पिल्लाची आई तोच आहे. डालग्याशेजारी त्याला बसवा आणि जमिनीवर बोटानं टकटक करत दाणा दाखवायला शिकवा, कोंबडी चोचीनं दाखवते तसा. पिल्लू त्याच्या बोटामागं येईल आणि त्याच्यासोबत परस ओळखेल. पण उशाशी झोपणं आजपासून बंद, आणि खोकं स्वयंपाकघरातून बाहेर. कोंबड्यांच्या विष्ठेतून माणसाला जुलाब-उलट्या-तापाचे जंतू लागतात, लेकरांना लवकर लागतात. हात लावला की साबणानं धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही.

आणखी एक, मला सांगायला जड जातंय. रस्त्यावर रंग लावून विकतात ती पिल्लं बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंडी न देणारे म्हणून हॅचरीतून पहिल्याच दिवशी बाहेर काढलेले. तुमचं पांढरं झालंय, म्हणजे शक्यता तीच. तुरा बघा. सातव्या आठवड्यात तो उठून लाल दिसायला लागला असेल तर नर समजा. बाराव्या आठवड्याच्या पुढं मानेवरची आणि पाठीवरची पिसं लांब, टोकदार व्हायला लागतील. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. चार-पाच महिन्यांत ते आरवेल आणि तुमच्या कोंबड्याशी झुंजेल. चार कोंबड्यांत दोन नर निभत नाहीत, कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात. तेव्हा काय करायचं, कुणाच्या परसात द्यायचं की जास्तीच्या दोन-चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणून जागा वाढवायची, ते घरात आत्ताच बोला, आणि मुलाला बसवून बोला. शाळेतून आल्यावर खुराडं रिकामं बघायला लागू नये त्याला.

प्रश्न : माझी गावठी कोंबडी सतरा दिवसांपासून खुडूक बसली आहे, पण घरात कोंबडा नसल्यानं अंडी उबणार नाहीत हे उशिरा लक्षात आलं. वनराजची एक दिवसाची पिल्लं आणून तिच्याखाली ठेवली तर घेईल का?
एक वाचक, मोहोळ

उत्तर : घेईल, आणि दादा, परक्या पिल्लासाठी याहून चांगली वाट मला माहीत नाही. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पाळणुकीसाठीच तयार केलेली जात आहे, गावठी कोंबडीमागं छान फिरते.

तिला आणखी तीन-चार दिवस बसू द्या. पिल्लं एक-दोन दिवसांचीच आणा. चार दिवसांच्या पुढची पिल्लं तिला आई मानत नाहीत, पंखाखाली थांबतच नाहीत. हॅचरीतून घेताना मॅरेक्स रोगाची लस दिली आहे ना, विचारून घ्या. आठ-दहापेक्षा जास्त नकोत, गावठी कोंबडीच्या पंखाखाली तेवढीच मावतात.

रात्री नऊनंतर, बॅटरी न लावता जा. मागच्या बाजूनं हात घाला, एक अंडं काढा, त्या जागी एक पिल्लू सरकवा. मग थोडं थांबा. पिल्लू चिवचिवतं, आणि कोंबडी घशातल्या घशात हळू 'कुर्र कुर्र' करायला लागते. तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो, अजूनही. तो आला की पुढचं पिल्लू. ती किंचाळली, वळून जोरात टोचलं, तर त्या रात्री थांबा आणि पिल्लं उबेत ठेवा. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा. पहाटे दिसू लागायच्या आत तिथं हजर राहा, कारण उजेडात ती पिल्लांना पहिल्यांदा बघते. नाकारायचं असलं तर तेव्हाच नाकारते.

सगळी पिल्लं एकाच रात्री ठेवा. माझ्या कवडी नावाच्या कोंबडीनं नऊ घेतली होती. तीन दिवसांनी शेजाऱ्यांनी एक काळं आणून दिलं, ते काही तिनं जवळ येऊ दिलं नाही. दोनदा रात्री ठेवून बघितलं, दोन्ही वेळा सकाळी ते कोपऱ्यात सापडलं. शेवटी त्याला खोक्यात वाढवलं.

पिल्लांचं खाद्यच कोंबडीला द्या. ती सध्या अंड्यावर नाही, तिला त्यानं काही कमी पडत नाही. पाण्याच्या परळात खडे टाका, पहिल्या आठवड्यात पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. बाकी कळपात कधी सोडायचं, ते तिचं तिला कळतं.

प्रश्न : आमची सगळ्यात जुनी कोंबडी पायाला जखम होऊन तीन आठवडे घरात वेगळी होती. बरी झाल्यावर परत सोडली तर तिच्याच मैत्रिणी तिला मारतायत. असं कसं?
एक वाचक, बार्शी

उत्तर : तीन आठवड्यांत तिची जागा दुसरीनं घेतलेली असते. ती परत आली की त्यांच्या लेखी नवीनच. राग धरू नका त्यांच्यावर.

तिला थेट सोडू नका. परसातच जाळीआड पाच-सहा दिवस ठेवा, त्यांना दिसेल आणि आवाज ऐकू येईल अशी. मग कळपातली सगळ्यात गरीब कोंबडी निवडा आणि दोन दिवस तिच्यासोबत जाळीआड ठेवा. दोघी शेजारी शेजारी बसून पिसं साफ करायला लागल्या, की दोघींना एकदमच बाहेर सोडा, संध्याकाळी. मारणारी एकच असेल तर तिला काही दिवस बाजूला काढा. आणि पायाची जखम पूर्ण भरली आहे ना, खपली वाळली आहे ना, ते आधी बघा. लंगडत असेल तर अजून आठवडाभर जाळीआडच बरी. पुढच्या वेळी कुणी आजारी पडली आणि आजार लागण होणारा नसला, तर घरात न नेता परसातच डालग्याखाली ठेवा, बाकीच्यांना ती रोज दिसेल अशी.